जुनी पिकअप घेण्याआधी: हौसेचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर आमच्या इंदूरच्या शाखेत एक तरुण खातेदार आला. वायरमनचे काम करतो. "मॅडम, दोन लाखांची एफडी मोडायची आहे," म्हणाला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. सतरा वर्षांची जुनी पिकअप, किंमत 1,10,000 रुपये. मागचे पाटे कमी करून गाडी खाली बसवायची, रुंद चाके लावायची, चकचकीत रंग द्यायचा, असा त्याचा बेत होता. "उरलेल्या नव्वद हजारांत सगळं बसतं," तो म्हणाला.

हौस करण्यात गैर काही नाही. पण ही एफडी म्हणजे त्याच्या घरची एकमेव राखीव रक्कम होती. म्हणून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

गाडीची किंमत ही फक्त सुरुवात

त्याने चौकशी करून आणलेले अंदाज एकाखाली एक मांडले:

• गाडी: 1,10,000
• नाव बदलणे, फिटनेस, विमा: 20,000
• इंजिन, क्लच, ब्रेकची दुरुस्ती: 45,000
• चाके आणि टायर: 50,000
• गंजलेला पत्रा आणि रंग: 60,000

बेरीज झाली 2,85,000 रुपये. जुन्या गाडीत उघडल्याशिवाय न दिसणारी कामे निघतातच. त्यासाठी 20 टक्के धरले की आकडा 3,42,000 वर जातो. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

आधी कागद, मग इंजिन

सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी, फिटनेस, विमा आणि कर्जाची नोंद पाहता येते. थकलेली चलनेही तपासता येतात. आरसीवर कर्जाची नोंद असेल, तर विकणाऱ्याने कर्जदात्याची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन ती आधी उतरवून घ्यावी. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागते.

खरेदीनंतर 30 दिवसांत आरटीओला आणि 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा. पिवळ्या पाटीची मालवाहू पिकअप असेल, तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. तो खर्च दर वर्षीचा आहे, हे विसरू नका.

गाडी खाली बसवता येते का?

पिकअपचे मागचे पाटे भार पेलण्यासाठी असतात. ते कमी केले की गाडीची भार पेलण्याची ताकद घटते, टायर मडगार्डला घासू शकतात आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर गाडीचा खालचा भाग आपटतो. म्हणजे दुरुस्तीचा खर्च पुन्हा सुरू.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकू शकतो. 'सगळेच करतात' हे गॅरेजवाल्याचे उत्तर तिथे चालत नाही. रंग बदलायचा असेल, तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या. इतर कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

पैसा कुठून आणायचा?

एफडी मुदतीआधी मोडली, तर ती जितके दिवस राहिली त्या काळाचाच व्याजदर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही काही भाग कापतात. वैयक्तिक कर्ज घेतले, तर दोन लाखांवर 14 टक्के दराने तीन वर्षांसाठी सुमारे 6,836 रुपये हप्ता बसतो. व्याजापोटीच सुमारे 46,000 रुपये जातात. हौसेला मोल नसते म्हणतात. हप्ता मात्र असतो.

त्यापेक्षा हौसेसाठी वेगळे आवर्ती खाते उघडा. महिना 5,000 रुपये टाकले, तर दोन वर्षांत 1,20,000 रुपये आणि वर व्याज हाती येते. निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम मात्र बाजूला राहू द्या. तिला हात लावायचा नाही.

पुढे काय झाले?

शाखेतच बसून त्याने गाडीचा क्रमांक तपासला. आरसीवर एका वित्त कंपनीचे कर्ज अजून नोंदलेले होते. विकणाऱ्याने ते सांगितलेच नव्हते. एनओसी मागितल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले.

एफडी तशीच राहिली. आमच्या खातेदाराने आवर्ती खाते उघडले. आता तो कागद स्वच्छ असलेली गाडी शोधतो आहे. ती मूळ उंचीवरच ठेवून नीट दुरुस्त करायची, असे त्याने ठरवले आहे.

लक्षात ठेवा

• बयाणा देण्याआधी आरसी, कर्ज, चलने तपासा.
• ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या.
• एकूण अंदाजावर 20 टक्के जास्त धरा.
• रचनेत बदल करण्याआधी आरटीओला विचारा.
• राखीव एफडी हौसेसाठी मोडू नका.