मोबाइल हिसकावण्याआधी...

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली. सतरंज्या गुंडाळल्या, चहाचे कप विसळून झाले, तरी एक जण घुटमळत राहिली. मनगटावर काळानिळा डाग. विचारलं तर आधी म्हणाली, "दाराला लागलं." मग डोळेच भरून आले. तिचा आठवीतला मुलगा मोबाइलवर गोळीबाराच्या खेळात रंगला होता. हिने मोबाइल ओढून घेतला, तर त्याने असं ढकललं की ही ओट्यावर आपटली.

"ताई, दिवसभर ठो-ठो करून माणसं मारत बसतो. उद्या खरंच कोणाच्या जिवावर उठेल का गो?"

खरं सांगू? तिला उपदेश करायला माझी जीभ रेटेना. कारण थोड्याफार फरकाने हाच प्रसंग माझ्या घरात घडलेला.

२०२० चा लॉकडाऊन. लेक नववीत. शाळाच मोबाइलवर, त्यामुळे 'मोबाइल नको' म्हणायची सोय नाही. तास संपला की पब्जी सुरू! शंभर खेळाडू एकमेकांना मारत सुटतात, शेवटी उरेल तो जिंकला. एका रात्री जेवायला तीन हाका मारल्या. चौथ्यांदा मी मोबाइल हिसकावला आणि पलंगावर भिरकावला. तो असा किंचाळला की शेजारच्या काकू दारात आल्या. मीही तोंडाला येईल ते बोलले. पुढचे दोन दिवस घरात अबोला!

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच जाहीर केलं, की हिंसक खेळांमुळे मुलं खराखुरा हिंसाचार करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पण ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी मात्र त्यांचा थोडासा संबंध दिसतो. उलट ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या हजारावर ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांनाही विचारलं. त्यांना तसा संबंध आढळला नाही. म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही. पण 'खेळला म्हणून खुनी झाला' इतकं सरळ गणित कोणीच मांडत नाही.

मग बंदी घालावी का? २०१९ मध्ये मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात याचिका केली, की पब्जी हिंसा शिकवतो, तो बंद करा. बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० ला, पण हिंसेपायी नव्हे, देशाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन. २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला. रक्ताचा रंग लालऐवजी हिरवा, आणि अठराच्या आतल्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा. पण बाबांच्या वयाने खातं उघडलं की मर्यादा संपली! सरकार काही आपल्या माजघरात येऊन बसणार नाही.

आणि मारामारीचा खेळ काय आजचा आहे? टिकल्यांचं पिस्तूल घेऊन आपले भाऊ अंगणभर धावायचेच. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडून आपणही नरकासुर मारतोच की! पण तिन्हीसांजेला आईची हाक आली की खेळ मोडायचा. मघाशी 'मेलेला' गडी उठून आपल्याबरोबर हातपाय धुवायचा. मोबाइलमधला खेळ मोडतच नाही. एक संपला की दुसरा हजर. मुलगा एकटा, रात्रीचे दोन वाजलेले, झोप अपुरी. अशा पोराच्या हातून मोबाइल ओढला तर भडका उडणारच.

अबोला सुटल्यावर मी लेकाशेजारी बसले. म्हटलं, "दाखव तरी, काय खेळतोस ते." आधी हसला, मग उत्साहाने सांगू लागला. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. मधेच उठलं तर बरोबरचे गडी अडचणीत येतात. माझी चौथी हाक नेमकी तिथेच पडली होती! मग आम्ही ठरवलं. दिवसाला किती डाव ते आधीच ठरणार. हाक मारली की 'हा डाव संपला की ऊठ'. रात्री मोबाइल आमच्या खोलीत चार्जिंगला. आणि जेवताना कोणाचाच मोबाइल नाही, ह्यांचाही नाही अन् माझं व्हॉट्सअॅपही नाही! ही शेवटची अट लेकाने घातली, आणि तीच आम्हाला सगळ्यात जड गेली.

लगेच चमत्कार झाला असं नाही. कुरबुरी झाल्या, नियम मोडले, पुन्हा बसलो. पण किंचाळणं थांबलं.

मात्र काही घरांत एवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली. खेळावर ताबाच नाही, शाळा-जेवण-मित्र सगळं मागे पडलंय, नुकसान दिसतंय तरी सुटत नाही, असं महिनोन्महिने चाललं असेल तर डॉक्टरांकडे जायला हवं. आपल्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय असूनही 'लोक काय म्हणतील' म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. निदान टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर फोन तरी करावा. तो सरकारी आहे, मोफत आहे.

हे सगळं त्या मैत्रिणीला सांगितलं. आणखीही एक सांगितलं. "तू मोबाइल हिसकावलास ते चुकलं असेल. पण त्याने तुला ढकललं तेही चूकच. राग खेळातून आला की झोपेतून, ते नंतर बघू. आईवर हात टाकायचा नाही, हे त्याला शांतपणे, बापासमोर सांग. लपवू नकोस."

परवा ती भेटली. म्हणाली, मुलगा दोन दिवस फुगून होता, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मलम घेऊन आला. खेळ अजून सुटलेला नाही. पण आता ती शेजारी बसते.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या हाताला असं 'दार' लागलं असेल? मुलाची बदनामी नको म्हणून आपण गप्प बसतो. निदान एकमेकींशी तरी खरं बोलूया.