उत्तर ध्रुवाचे बर्फ आणि राष्ट्रांची चुरस

मद्रासच्या एग्मोर भागात १७८६ साली विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने एक खासगी वेधशाळा उभारली. १७९२ मध्ये ती नुंगमबाक्कम येथे गेली. वेधांवाचून सागरी व्यापार सुरक्षित चालत नाही, हे कंपनीस, ती व्यापारी असल्यामुळेच, चांगले उमगले होते. आज त्याच शहरातील राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे वेध थेट आर्क्टिक प्रदेशात घेतले जातात. गोव्यातील ध्रुवीय संशोधन केंद्राच्या सहकार्याने तिने जुलै २०१४ मध्ये स्वालबार्ड द्वीपसमूहातील काँग्सफ्योर्ड या खाडीत ‘इंडआर्क’ ही यंत्रमाला सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात नांगरली. पाण्याचे तापमान, क्षारता व प्रवाह यांच्या नोंदी ही यंत्रमाला घेते.

या नोंदींचे महत्त्व बर्फाच्या एका गुणधर्मात आहे. हिमाच्छादित बर्फ सूर्यप्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परावर्तित करते. उघडे पाणी मात्र नव-दशमांशाहून अधिक शोषून घेते. अर्थात बर्फ जितके वितळावे तितके पाणी तापते, आणि तापलेले पाणी उरलेले बर्फ वितळविते. या व अन्य कारणांनी १९७९ पासून हा प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. सप्टेंबर २०१२ मध्ये सागरी बर्फ सुमारे ३४ लक्ष चौरस किलोमीटरांपर्यंत आक्रसले; उपग्रहांच्या नोंदींतील हा नीचांक होय.

बर्फ हटले की वाट खुली होते, आणि वाट खुली झाली की हक्कदार जागे होतात. २००७ मध्ये रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखालील समुद्रतळावर आपला ध्वज रोवला. तेथील लोमोनोसोव्ह या बुडित पर्वतरांगेवर रशिया, कॅनडा व डेन्मार्क हे तिघेही हक्क सांगतात. रशियाच्या किनाऱ्यालगतचा उत्तर सागरी मार्ग युरोप व ईशान्य आशिया यांमधील अंतर सुवेझ मार्गाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी करतो. चेन्नई-व्लादिव्होस्तोक जलमार्गासंबंधी २०१९ मध्ये भारत व रशिया यांनी इरादापत्र केले. व्लादिव्होस्तोकहून पुढे जहाजांना हीच उत्तरेची वाट धरता येते.

१९२० च्या तहाने स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले, परंतु युद्धासाठी त्या बेटांचा उपयोग निषिद्ध ठरला. त्या तहात भारतही सामील होता. तेथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन-स्थानक आहे. शांततेच्या या चौकटीला २०२२ मध्ये तडा गेला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा आर्क्टिक परिषदेतील अन्य सात राष्ट्रांनी आपला सहभाग स्थगित केला. पुढे मर्यादित कामकाज पुन्हा सुरू झाले, तरी रशियातील बहुतेक संशोधन-स्थानकांशी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा संपर्क तुटला. आर्क्टिक महासागराचा सुमारे अर्धा किनारा रशियाचा आहे, आणि ज्या गोठलेल्या भूमीतून कार्बनयुक्त वायू बाहेर पडण्याचे भय आहे, तिचाही मोठा भाग त्याच देशात मोडतो.