लेथवर पुलीच्या आतला की-वे कसा कापायचा?



आमच्या तांत्रिक वर्गातल्या मुलांनी शेंगा फोडायचं यंत्र केलं होतं. मोटर छान फिरायची, पण लोड आला की पुली शाफ्टवर नुसती घसरायची. मुलं म्हणाली, "सर, स्क्रू अजून आवळू या." मी म्हटलं, आधी गणित करू.

शाफ्ट २० मिमी, म्हणजे त्रिज्या ०.०१ मीटर. पुलीवर १० न्यूटन-मीटर टॉर्क आला, तर शाफ्टच्या पृष्ठभागावर बळ येतं १००० न्यूटन. म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतकं! ते एका लहानशा स्क्रूच्या टोकाने कसं पेलायचं? म्हणून शाफ्ट आणि पुली दोघांत खाच कापून मध्ये की, म्हणजे चावी, बसवतात.

शाफ्टवरची खाच बाहेरून असल्यामुळे सोपी. पुलीच्या बोअरमधली खाच अवघड. कारखान्यात त्यासाठी ब्रोच किंवा स्लॉटिंग मशीन असतं. पण लहान लेथवरही ती कापता येते. इथे लेथ फिरवायचाच नाही! मशीन बंद करून प्लग काढून ठेवा. ही पहिली अट.

कृती

१. पुली चकच्या जबड्यांच्या पायरीला टेकवून घट्ट धरा. टूल पलीकडे बाहेर पडायला मागे जागा हवी.

२. स्पिंडल हलू नये म्हणून सर्वांत कमी वेगाचा गिअर टाका आणि जबड्याखाली लाकडाची पाचर द्या.

३. एचएसएस टूल बिट ६ मिमीपेक्षा किंचित कमी रुंद घासा. बाजूंना आणि टोकामागे थोडा उतार द्या, नाहीतर टूल घासत राहील.

४. बिट बोरिंग बारमध्ये बसवा. टोक तुमच्याकडे आणि कापणारा चेहरा चककडे हवा.

५. कॅरेजचं हँडल फिरवून टूल आरपार ढकला. क्रॉस-स्लाइडने टूल खाचेतून मोकळं करून मागे आणा. मग आणखी ०.०५ मिमी कट देऊन पुन्हा ढकला.

२० मिमी शाफ्टला ६ × ६ मिमीची की लागते आणि पुलीतली खाच २.८ मिमी खोल असते. २.८ भागिले ०.०५, म्हणजे ५६ फेऱ्या! काही लेथवर क्रॉस-स्लाइडचा डायल व्यासाचं माप दाखवतो, ते आधी तपासा. खोली मोजताना व्हर्नियर समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत लावा. २२.८ मिमी यायला हवं. शेवटी कट न वाढवता दोन-तीन फेऱ्या मारा, कारण बार थोडा वाकलेला असतो. रुंदी कानशीने जुळवा. की हाताच्या दाबाने, पण घट्ट बसली पाहिजे. ढिली राहिली तर प्रत्येक झटक्याला खाच झिजत जाते.

बिडाची पुली कोरडीच कापा, पोलादाला मात्र कटिंग ऑईल लावा.

आमची पहिली पुली वाया गेली, आणि चूक माझीच होती. टूलच्या रुंदीचा मध्य लेथच्या सेंटरच्या उंचीवर नव्हता, म्हणून खाच एका बाजूला सरकली. की अर्धीच शिरली. दुसऱ्या वेळी मुलांनीच आधी उंची तपासली, आळीपाळीने हँडल फिरवलं आणि फेऱ्या मोठ्याने मोजल्या.

महागडं मशीन नाही म्हणून काम अडतं, असं मुलांना वाटू देऊ नका. गणित वहीत करून घ्या आणि हँडल त्यांच्याच हातात द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.