जाड-बारीक अक्षराचं कूळ आणि काम

लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं जाड दंडाच्या आणि केसासारख्या बारीक वळणांच्या अक्षरात छापतात. ते अक्षर म्हणजे इंग्रजी फॅशन-मासिकांची नक्कल, असं सर्रास मानलं जातं. समजूत अगदीच निराधार नाही. हा टोकाचा जाड-बारीकपणा पार्मात जिआंबातिस्ता बोडोनीनं (१७४०–१८१३) आणि पॅरिसात दिदो घराण्यानं रूढ केला. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’ या फॉन्टमधली रोमन अक्षरंही जाहिरातींतल्या जाडजूड अक्षरांच्या वळणाची आहेत. पण देवनागरीतला जाड-बारीक भेद त्याच्या कितीतरी आधी बोरूच्या लेखणीनं घडवला. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असल्यानं एका दिशेची रेघ रुंद उमटते, दुसऱ्या दिशेची बारीक. शिवाय हा काप रोमन लेखणीच्या उलट्या कलाचा. डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ रोमनमध्ये जाड येते, आपल्या ‘ष’च्या पोटातली तशीच रेघ बारीक. नक्कल असती तर कलही तिकडचाच आला असता. बोरूचं वळण छापखान्यात हरवलं, असं कुणी म्हणेल. तर जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तिथं राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांत ते वळण नीट सांभाळलेलं दिसतं. शिरोरेघेला ‘आपली सेरिफ’ म्हणणंही चूकच. सेरिफ रेघेच्या टोकाला असते, शिरोरेघ अक्षरांना जोडते. म्हणून इंग्रजीशी जोडी जमवायची तर सेरिफ शोधू नये, जाडी आणि जाड-बारीक भेद जुळवावेत.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: बारीक रेघा असल्या की वाचताच येत नाही. तसं असतं तर निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या नसत्या. आजही ‘टिरो देवनागरी मराठी’ हा जाड-बारीक वळणाचा, मराठी अक्षररूपं पाळणारा फॉन्ट पुस्तकाच्या मजकुराला शोभतो. प्रश्न भेद किती आणि अक्षर किती मोठं, याचा आहे. शीर्षकासाठी आखलेल्या अक्षराची बारीक रेघ लहान आकारात शाईत बुजते किंवा तुटते. तिचा फटका ओळख ठरवणाऱ्या भागालाच बसतो. ‘ध’ची गाठ गेली की उरतो ‘घ’, ‘भ’ची गेली की ‘म’. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडचं फलकावर ‘घाड’ होईल, आणि एसटीतून जाणाऱ्याला ते सांगायला कुणी नसेल! जिजाऊ जयंतीला, १२ जानेवारीला, सिंदखेडराजाच्या वाटेवर लावायच्या फ्लेक्सला म्हणूनच ‘मुक्ता’ या फॉन्टसारखं सम जाडीचं अक्षर बरं. पत्रिकेतही ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ची मोठी नावं नाजूक अक्षरात खुशाल घ्यावीत. विवाहस्थळ, मुहूर्त आणि फोन नंबर मात्र नकोत. कोणतीही पत्रिका छापायला टाकण्याआधी खऱ्या आकारात, खऱ्या कागदावर एक प्रूफ काढा आणि त्यातले ध, भ नि रफार घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून वाचून घ्या.