रिकामा रकाना काय सांगतो?

वैद्यकाचा व्यवसाय हा मुळात नोंदींचा व्यवसाय आहे. रुग्णाची प्रकृती, दिलेले औषध, पुढील भेटीची तारीख या गोष्टी पूर्वी कागदावर लिहिल्या जात. आता त्या संगणकाच्या पडद्यावर उमटतात. हैदराबादेत १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि आपल्या मराठी घरांतूनही संगणक अभियंत्यांची एक पिढी पुढे आली. डॉक्टर आणि अभियंता एकाच छपराखाली राहत असले, तरी पडद्यावरील तक्ता कसा तयार होतो याविषयी त्यांच्यात क्वचितच बोलणे होते. बाललसीकरणाच्या उदाहरणावरून तो विषय समजून घेण्याचा हा प्रयत्न.

आपल्याला हवा असलेला तक्ता साधा असतो: एका बाळाची एक ओळ आणि प्रत्येक डोसचा एक स्तंभ. डेटाबेसमध्ये मात्र माहिती अशी ठेवलेली नसते. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक पद्धतीनुसार बाळांचा तक्ता वेगळा, लसींचा वेगळा आणि दिलेल्या डोसांचा वेगळा असतो. प्रत्येक डोसची स्वतंत्र ओळ: बाळाचा क्रमांक, लस, कितवा डोस, तारीख.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण वेळापत्रक बदलत राहते. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, तेव्हा लसी मोजक्याच होत्या. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये पोलिओची इंजेक्शनची लस आली. २०१६ साली रोटाव्हायरसची लस आली. आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची ‘रोटाव्हॅक’ ती हीच. २०१७ पासून गोवर-रुबेला व न्यूमोकोकल लसींची भर पडली. जून २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात लसजन्य टाइप-२ पोलिओ विषाणू आढळला, तेव्हा शहरात पोलिओच्या इंजेक्शनची खास मोहीम झाली. अशा जादा डोसला छापील कार्डावर जागा नसते. डेटाबेसमध्ये मात्र केवळ एक ओळ वाढते.

आता या उभ्या नोंदी आडव्या करावयाच्या असतात. मागणी वेळोवेळी बदलते: आज दीड वर्षापर्यंतची बाळे, उद्या फक्त रोटाव्हायरसचे डोस. त्यामुळे उत्तरात कोणते स्तंभ येतील हे प्रोग्राम लिहिताना ठाऊक नसते. म्हणून उत्तर येताच प्रोग्राम प्रथम डेटाबेसलाच स्तंभांची नावे आणि प्रकार विचारतो: हा मजकूर, ही संख्या, ही तारीख. मग तो ग्रिडकडे दोन भाग पाठवतो: स्तंभांचे वर्णन आणि त्यांखालच्या ओळी. प्रकार न सांगता सारे मजकूर म्हणून पाठविले, तर ‘०५-०६’ म्हणजे पाच जून की सहा मे हा घोळ होतो आणि तारखांचा क्रमही चुकतो. वर्ष, महिना, दिवस अशा ठरलेल्या क्रमाने तारीख पाठविणे हा त्यावरचा उपाय.

येथवरचा भाग तंत्राचा झाला. यापुढचा आपल्या जबाबदारीचा आहे. यादी डोसांच्या तक्त्यापासून बनविली, तर ज्या बाळाला एकही डोस मिळालेला नाही ते यादीत येतच नाही. रिकाम्या रकान्याने नव्हे, तर आख्ख्या ओळीनेच ते गायब होते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात लसीचा पहिला डोसही न मिळालेली बाळे भारतात २०२३ साली सुमारे सोळा लाख होती. २०२४ साली ती संख्या सुमारे नऊ लाखांवर आली. ज्यांना शोधावयाचे तीच मुले यादीतून निसटली, तर यादीचा उपयोग काय? म्हणून सुरुवात बाळांच्या तक्त्यापासून करावी व डोस त्याला जोडावेत. स्तंभही आलेल्या नोंदींवरून न ठरवता वेळापत्रकावरून ठरवावेत. अन्यथा कोणालाच न मिळालेल्या लसीचा स्तंभच उमटत नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्याची. त्याचे अर्थ निदान चार: डोसची वेळ अद्याप आलेली नाही, वेळ टळून गेली, डोस अन्यत्र मिळाला, पण नोंद येथे नाही, किंवा आजारामुळे तो मुद्दाम लांबविला. नांदेड-लातूरकडून इकडे आलेल्या कुटुंबांत तिसरा प्रकार आपण नेहमी पाहतो. डेटाबेसच्या भाषेत अज्ञात किमतीला ‘नल’ म्हणतात. ती शून्य नव्हे, नकारही नव्हे. ‘अमुक तारखेनंतर डोस घेतलेले’ असे विचारले तर नल असलेली ओळ वगळली जाते आणि ‘त्यापूर्वी घेतलेले’ असे विचारले तरीही वगळली जाते. म्हणून त्या चार अवस्था शब्दांत नोंदविल्या पाहिजेत.

जानेवारी २०२३ मध्ये ‘यू-विन’चा प्रायोगिक वापर सुरू झाला, गाव बदलले तरी नोंद बाळासोबत जावी हा त्यामागचा हेतू. परंतु राष्ट्रीय प्रणाली असो वा आपल्या दवाखान्यातील लहानसा प्रोग्राम, रकान्याचा अर्थ अभियंता एकटा ठरवू शकत नाही. तो आपणच सांगावयाचा असतो. नवी प्रणाली घेताना आपल्या सभासद मित्रांनी एक परीक्षा अवश्य घ्यावी: एकही लस न घेतलेल्या एका कल्पित बाळाची नोंद करावी आणि थकीत डोसांची यादी मागवावी. त्या बाळाचे नाव यादीत आले, तरच ती प्रणाली आपल्या कामाची.