बांधावरचा नागरमोथा

लव्हाळा उपटायला सोपा, काढायला अवघड. हिरवी पात ओढली की हातात येते आणि गाठ मातीत तशीच राहते. म्हणून खुरपणी करणाऱ्या मावशी आधी खुरपं तिरकं घालतात, माती सैल करतात आणि मुळाचा दोरा बोटांत धरून हलकेच ओढतात. एका दोऱ्यावर ओळीनं गाठी येतात. काळपट, केसाळ, बोटाच्या पेरापेक्षा लहानच. एक नखानं सोलून नाकाशी धरली. ओलं लाकूड, मिरी, मागून थोडा कापूर. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच.

कामशेतच्या आत नाणे मावळात ऑक्टोबरात इंद्रायणी भात पिवळं पडू लागतं. पावसाचा जोर ओसरलेला असतो, पण बांधाची माती अजून मऊ असते. नंतर ती वाळून कडक झाली की खुरपं चालत नाही, कुदळच घ्यावी लागते.

मी इथं आले ती अगराच्या नादानं. घरच्या उटण्यात अगर घालायचा होता आणि त्याची माहिती काढता काढता मन उडालं. निरोगी अगरवृक्षाचं लाकूड फिकं, जवळजवळ बिनवासाचं असतं. खोड अळी पोखरते, जखमेत बुरशी शिरते, तिला अडवायला झाड राळ तयार करतं आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर तेवढाच भाग काळा, जड, सुगंधी होतो. आत राळ धरली आहे की नाही हे बाहेरून खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे जंगलात काळ्या लाकडाच्या आशेनं निरोगी झाडंही पडत राहिली. आपल्या ईशान्येकडची जात १९९५ साली वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. २००४ मध्ये त्या वंशातल्या सगळ्याच जाती घालायचं ठरलं. आसामात लोक परसात अगर लावतात, तो मार्ग मला पटतो. पण दहा-वीस रुपयांच्या उटण्याच्या पुडीवर छापलेला ‘अगर’ खरा असेल, यावर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून अगराऐवजी नागरमोथाच घ्यायचं ठरवलं.

ऊदाचा, म्हणजे अगराच्याच सुगंधाचा, भास निर्माण करायला अत्तरवालेही नागरमोथ्याचं तेल वापरतात. ते बहुतेक मध्य भारतातल्या दुसऱ्या जातीचं असतं. मावळातला लव्हाळा तिचा भाऊबंद. रोटुंडोन या द्रव्याला नाव मिळालं ते या लव्हाळ्याच्या शास्त्रीय नावावरून, आणि काळ्या मिरीचा खास वास त्याचाच, हे २००८ साली उजेडात आलं. नाक उगाच मिरी म्हणत नव्हतं.

थोड्या गाठी मागे ठेवूया का, असं मी शहाण्यासारखं विचारलं. मावशी हसल्याच. “समदा न्या ताई. न्यायचा म्हणलं तरी जायचा न्हाई त्यो!” खरंच आहे. नांगराच्या फाळानं दोरा तुटला की सुटी झालेली गाठ वेगळा कोंब काढते. हा लव्हाळा जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत गणला जातो.

खरी महाग आहे ती मेहनत. घमेलंभर गाठी धुतल्या की निम्मी मातीच निघून जाते. उरलेल्या कडक वाळवायच्या, तापल्या तव्यावर फिरवून त्यांचे केस जाळायचे, खरखरीत गोणपाटावर चोळायच्या, मग उखळात घालायच्या. त्या सहज फुटत नाहीत. मुसळाखालून उडून अंगणात जातात आणि पोरं त्या वेचून आणतात. पहिल्यांदा चाळलं तर चाळणीत जाड भरडच जास्त राहते. परत कुटायचं, परत चाळायचं. शेवटी वस्त्रगाळ पूड निघते ती मूठ-दोन मूठ. दुकानदार सुक्या गाठींना जो भाव देतो, त्यात मावशींची खुरपणीची रोजंदारीही सुटत नाही. त्या हे घरापुरतंच करतात.

ओढ्याकडच्या बांधावर गाठी जास्त भरलेल्या दिसत होत्या. मी तिकडं वळले तर मावशींनी हाक मारून थांबवलं. तिथल्या पाती शेंड्याकडून करपल्या होत्या. शेजाऱ्यानं नुकतंच तणनाशक मारलं होतं.

“तिथलं नगं. अंगाला लावायचं हाय ना?”