फोनमधून मान वर काढली, तरी समोरची गाडी का दिसत नाही?

फोन बघत रस्ता क्रॉस करणाऱ्या कुणालाही टोका, उत्तर ठरलेलं: "अरे, मी मध्ये मध्ये वर बघतो ना!" हे मध्ये मध्ये बघणं पुरेसं का नसतं, ते आज समजून घेऊ.

आधी साधं गणित. ४० च्या स्पीडने येणारी बाइक सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. एक मेसेज वाचण्यात २ सेकंद गेले, तर ती २२ मीटर जवळ आली. आपण चालतो सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर. म्हणजे ७ मीटरचा दोन लेनचा रस्ता ओलांडायला साडेपाच सेकंद, आणि तेवढ्यात ६० मीटर लांबची बाइक आपल्यापर्यंत पोचलेली असते.

पण खरी गोची डोळ्यांची नाही, लक्षाची आहे. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भारी प्रयोग केला होता. कॅम्पसच्या चौकात रंगीबेरंगी कपड्यांतला एक विदूषक एकचाकी सायकलवर फिरत ठेवला आणि तिथून गेलेल्यांना नंतर विचारलं, विदूषक दिसला का? फोन न वापरता एकट्याने गेलेल्यांपैकी निम्म्यांना दिसला होता. फोनवर बोलत गेलेल्यांपैकी फक्त २५ टक्के लोकांना! लक्षात घ्या, ही मंडळी स्क्रीन बघत नव्हती, नुसती बोलत होती. डोळे मोकळे होते, मेंदू बिझी होता. याला 'इनअटेन्शनल ब्लाइंडनेस' म्हणतात. गंमत म्हणजे दोघं गप्पा मारत जाणाऱ्यांना विदूषक सगळ्यात जास्त दिसला. सोबतचा माणूस तोच रस्ता बघत असतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोर काय आहे याचा पत्ताच नसतो.

मग फोननेच आपल्याला सावध करावं की! गूगलने २०२१ मध्ये डिजिटल वेलबीइंगमध्ये 'हेड्स अप' नावाचं फीचर आणलं. सुरुवात पिक्सेलपासून झाली. फोनमधला मोशन सेन्सर चालण्याची लय ओळखतो, आणि चालताना स्क्रीन वापरली की वर बघण्याची आठवण येते. पण तुम्ही चालताय एवढंच त्याला कळतं, रस्त्यावर की फुटपाथवर ते नाही. जीपीएसचीही मदत होत नाही: मोकळ्या आकाशाखालीसुद्धा त्यात ५ मीटरचा फरक पडू शकतो, उंच इमारतींमध्ये आणखी जास्त. फुटपाथ आणि रस्त्यात तर एका पावलाचंच अंतर.

शिवाय मी ज्या धंद्यात आहे, तिथे नोटिफिकेशन किती जणांनी उघडलं याचा ग्राफ रोज बघितला जातो. उघडताना माणूस सोफ्यावर होता की झेब्रा क्रॉसिंगवर, याचा ग्राफ नसतो.

जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहराने २०१६ मध्ये ट्रामच्या क्रॉसिंगजवळ जमिनीतच लाल दिवे बसवले, खाली बघणाऱ्यांनाही दिसावेत म्हणून. आयडिया छान आहे, पण लाल दिव्याला गाडीवाले थांबतात अशा शहरात! आपल्या देशात २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. सगळे फोन बघत होते असं मुळीच नाही. झेब्रावर न थांबणारे गाडीवाले आणि गायब फुटपाथ यांचा हिशोब वेगळाच. अशा रस्त्यावर आपल्याकडे असतात फक्त डोळे आणि कान.

म्हणून मेसेज वाचायचाय तर कडेला थांबून वाचा, कॉल आला तर "क्रॉस करतोय, थांब" सांगा. इअरबड्समध्ये नॉइज कॅन्सलेशन असेल तर रस्त्यावर ट्रान्सपरन्सी मोड लावा. इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज मात्र इतका कमी असतो, की तिच्यासाठी निदान एक बड काढलेला बरा. त्यात ती राँग साइडने येत असेल, तर दोन्ही.